लूर्दम्माची दुसरी कुडी

संतियागू ओडावी खोटं बोलायच्या आधी नाक पुसायचा. ही गोष्ट सगळ्या तंगच्चिमडम गावाला ठाऊक होती, एक त्याला सोडून. "बोट कधी देतोस रे?" म्हणून कुणी विचारलं की खांद्यावरचा पंचा नाकाकडे जायचा आणि मागाहून उत्तर यायचं, "पुढच्या शनिवारी." पंचा हलला की मालक समजायचा, अजून महिनाभर काही बोट पाण्यात जात नाही. ओडावी म्हणजे बोटी बांधणारा सुतार. चाळीस वर्षं त्याने बोटी बांधल्या, आणि शनिवारचं एवढं खोटं सोडलं तर त्याच्याविषयी वाईट बोलायला कुणाकडे काही नव्हतं. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

माणूस ठेंगणा, हात मात्र रुंद, डाव्या अंगठ्याला नख नाही. कागदावर रेघ ओढून त्याने कधी बोट बांधली नाही. बापाकडून आलेली, गाठी मारलेली काथ्याची एक दोरी होती, तिच्यावर सगळं माप. त्या दोरीतून पन्नास फुटी बोट उभी करायचा, पण स्वतः बोटीत बसला की पाच मिनिटांत कठड्यावर वाकून ओकायचा. खलाशी चिडवायचे. तो म्हणायचा, "सुईणीने बाळंत व्हायलाच हवं, असं कुठे लिहिलंय?"

आता कुड्यांची गोष्ट. आमच्या किनाऱ्यावर नवी बोट बांधायला घेतली की मालकाच्या बायकोने आपल्या कानातल्या दोन कुड्यांपैकी एक द्यायची. बोटीचा तळाचा कणा आणि पुढची उभी नाळ जिथे एकमेकांत बसतात, त्या खाचेत ओडावी ती कुडी हळदीच्या चिंधीत गुंडाळून ठेवतो आणि वरून सांधा कायमचा ठोकून टाकतो. त्या वेळी बाकीच्यांनी पाठ फिरवायची. कुडीची मागची फिरकी मात्र बाईकडेच राहते. दुसरी कुडी तिच्या कानात, आणि मोकळ्या झालेल्या कानात मग काहीही, पितळेचं नाहीतर काचेचं. त्यामुळे दोन कानांत दोन तऱ्हा दिसल्या की समजावं, ही बोटवाली. बाजारात तिला आधी वाट मिळायची, चर्चमध्ये पुढचा बाक मिळायचा. आणि म्हणायचे असं, की कुडीला जोडीची ओढ असते. बोट कितीही लांब जावो, कुडी तिला घरी आणते. नाही आली, तर तांडेलाने हाव केली असणार, नाहीतर बाईचं मन फिरलं असणार. फादर दर वर्षी प्रवचनात या समजुतीवर तोंडसुख घ्यायचे. बायका मान डोलावून ऐकायच्या आणि पुढच्या बोटीला पुन्हा कुडी काढून द्यायच्या.

लूर्दम्माने दिली तेव्हा ती तिशीची होती. तिचा नवरा रायप्पन तेरा वर्षं दुसऱ्यांच्या बोटींवर राबला, इंजिनाशेजारी बसून बसून कानांनी अर्धा बहिरा झाला, आणि मग कुठे त्याने स्वतःची बोट बांधायला घातली. नाव ठेवलं 'सहायमाता'. लूर्दम्माच्या कुड्या तिच्या आईच्या होत्या, सात पाकळ्यांच्या, मधे लाल खडा. फिरकी काढून तिने एक कुडी संतियागूच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "अण्णा, नीट ठेवा हं. मला दुसरी नाही."

संतियागूने पंचा नाकाला लावला आणि म्हणाला, "ठेवतो."

सगळ्यांनी पाठी फिरवल्या होत्या. त्याने कुडी कमरेला खोचली आणि चिंधीत पितळेचा एक खिळा गुंडाळून खाचेत ठेवला.

का केलं त्याने असं? पोटाला चिमटा नव्हता, घरात कुणी आजारी नव्हतं. मुलीचं, जेसिंताचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. जावयाला एक पवनाची, म्हणजे आठ ग्रॅमची अंगठी कबूल केली होती आणि सोनाराच्या तराजूत सोनं दोन ग्रॅमनी कमी भरत होतं. दोन ग्रॅम! लग्नाच्या मांडवात व्याही तोंड वाकडं करेल, एवढ्या भीतीपायी इतक्या वर्षांचा हात वाकडा झाला. मनाशी त्याने ठरवलं होतं, ही चोरी नाही, उसनवारी आहे. दर उन्हाळ्यात दोन महिने मासेमारीला बंदी असते, तेव्हा सगळ्या बोटी त्याच्या अंगणात डागडुजीला येतात. पहिल्या बंदीत सांधा उकलायचा, नवी कुडी घडवून आत ठेवायची, कुणाला कळायचंही नाही. पहिली बंदी आली. त्या वर्षी जेसिंताचं बाळंतपण होतं. दुसरी आली, गेली. अशा नऊ बंद्या गेल्या. 'सहायमाता' नऊ वेळा त्याच्या दारात येऊन उभी राहिली, नऊ वेळा त्याने तिला तेल पाजलं, फटींत कापूस आणि राळ भरली आणि तशीच परत पाठवली. जावई ती अंगठी सहा महिन्यांत विकून दारू प्यायला, ते वेगळंच.

आणि बोट तर छान चालत होती. रायप्पनला मासा मिळत होता, दोन मुली शाळेत जात होत्या. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, पण सोनूबाईचं बरं चाललं होतं, मग कशाला बोला, असं संतियागूला वाटायचं.

मग समुद्रापलीकडच्या सरकारने कायदा बदलला.

आमच्या धक्क्यापासून हद्द दोन-अडीच तासांवर. अलीकडचा तळ आम्हीच आमच्या जाळ्यांनी खरवडून ठेवलाय, हे कबूल करायला आम्हाला लाज वाटते, म्हणून कुणी बोलत नाही. मासा पलीकडे आहे, आणि पोट मासा असेल तिकडे जातं. पूर्वीही तिकडचे नेव्हीवाले पकडायचे, पण दोन्हीकडचे साहेब बोलायचे आणि दोन-तीन महिन्यांत माणसं आणि बोट दोन्ही परत यायची. नव्या कायद्याने माणसं तेवढी सोडायची, बोट तिथेच ठेवायची. पहिल्या वर्षी आमच्या तीन गेल्या. दुसऱ्या वर्षी अकरा. नंतर आम्ही मोजायचं सोडलं.

सरकारी कागदावर लिहितात, 'बोट एक.' अरे, एक कशी? एका बोटीमागे एक तांडेल, पाच खलाशी. त्यांच्यामागे बर्फवाला, डिझेलवाला, लिलावात हाळी देणारा, कोळंबी निवडणाऱ्या बायका, जाळी सांधणाऱ्या म्हाताऱ्या, पहाटे धक्क्यावर वाफवलेला तांदळाचा पुट्टू विकणारी. बर्फाच्या कारखान्यात तीन यंत्रं धडधडायची, त्यांचं एक झालं, मग मालकाने तेही विकलं आणि पिण्याच्या पाण्याचे कॅन भरायला लागला. तरणे गडी केरळला नाहीतर आखाताला गेले, मुली तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात. चर्चच्या संत संतियागूच्या सणाला रथ ओढायला माणसं भाड्याने आणायची पाळी आली, यावरून ओळखा. आणि बायकांनी कानातली उरलेली एकेक कुडीही मोडली. पूर्वी दोन कान दोन तऱ्हांचे दिसायचे, आता सारखे दिसू लागले. दोन्ही मोकळे, भोक बुजू नये म्हणून कडुनिंबाची काडी घातलेले.

संतियागूच्या अंगणात एक बोट बरगड्यांपर्यंत उभी राहिली होती. तिचा मालक पैसे बुडवून कोचीला पळाला. बरगड्या तीन वर्षं उन्हात वाळल्या, मग लोकांनी कुंपणाला नेल्या. त्याने नेऊ दिल्या. तो आता कोंबड्यांची खुराडी करायचा, शाळेची बाकं करायचा आणि शवपेट्या करायचा. म्हणायचा, "काम तेच. पाणी आत येऊ द्यायचं नाही एवढी काळजी कमी."

'सहायमाता' दुसऱ्या वर्षीच्या अकरांमध्ये होती. रायप्पन आणि त्याचे खलाशी चाळीस दिवस जाफन्याच्या तुरुंगात राहिले आणि विमानाने परत आले. लोक हार घेऊन गेले होते. रायप्पन हार घालून घरी आला तेव्हा लूर्दम्मा दारात उभी होती. सबंध संसारात तिने नवऱ्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्या दिवशी केलं, आणि तो बहिरा म्हणून इतक्या मोठ्याने केलं, की आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं.

"माझ्या आईची कुडी घरी यायला निघाली होती. तूच तिला ओढत नेलंस, हावरटा. बोट आणल्याशिवाय माझ्या घरी जेवायला बसू नकोस."

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. तिलाही नंतर वाटलं असेल की जास्त बोलले. पण रायप्पनने हार काढून खुंटीला लावला, पिशवी भरली आणि केरळात मुनंबमला गेला, परक्याच्या बोटीवर खलाशी म्हणून. स्वतःची बोट बाळगलेला माणूस परक्याच्या बोटीवर भांडी घासू लागला. दर आठवड्याला पैसे यायचे. रविवारी फोन यायचा, मुली बोलायच्या. लूर्दम्मा चुलीशी बसून राहायची, इडल्यांची भांडी उगाच पुन्हा घासायची. मुली फोन पुढे करायच्या, ती मान हलवायची. दोघांचंही म्हणणं एकच, आधी त्याने बोलावं, आधी तिने बोलावं. अशी चार वर्षं गेली. मग एका सकाळी तो त्या परक्या बोटीच्या केबिनमध्ये उठलाच नाही. ॲम्ब्युलन्सने दीड दिवसाने आणला.

पेटी संतियागूने केली. पैसे घेतले नाहीत. लूर्दम्मा म्हणाली, "अण्णा, तुमचे उपकार कसे फेडू?" तेव्हा तो बोलणार होता. खरंच बोलणार होता, झाकण हातात होतं. पण आजूबाजूला शंभर माणसं रडत होती, आणि त्याने झाकण लावलं. क्रूसही त्यानेच केला, ऐनाच्या फळीचा, बोटीच्या लाकडाचा.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्याचं झालं. लूर्दम्मा रस्त्यात भेटली की त्याचे डोळे आधी तिच्या कानाकडे जायचे. गावातल्या सगळ्या कुड्या गेल्या, हिने ठेवली होती. इडल्या विकून दोन मुली वाढवल्या, थोरलीला नर्सिंगला घातलं, पण सात पाकळ्यांची ती कुडी मोडली नाही. जोड येईल, म्हणायची. एकदा दोघी एकत्र आल्या की मोडेन.

परवाच्या वर्षी पलीकडच्या कोर्टाने आमच्या नऊ जुन्या बोटी सोडल्या. सोडल्या म्हणजे काय, तर येऊन बघा, चालणारी असेल ती घेऊन जा, नसेल ती तिथेच भंगारात काढायला सही द्या. तीन दिवसांची मुभा. नवांपैकी पाच संतियागूच्या हातच्या, त्यात 'सहायमाता'ही. कुठली तरेल आणि कुठली नाही हे त्याच्याइतकं कोण सांगणार? मच्छीमार संघाच्या लोकांनी त्याचंही नाव कागदात घातलं. तो म्हणाला, मला बोट लागते. ते म्हणाले, बादली देतो.

ही बातमी कळली तसं बाकीच्या चौघी बोटवाल्या त्याच्याकडे येऊन गेल्या. चौघींचं मागणं एकच. बोट येत नसेल तर येत नसेल, अण्णा, पण सांधा उकलून आमची कुडी तेवढी आणा. एकीला मुलाच्या दुबईच्या कागदपत्रांसाठी हवी होती, एकीला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. सर्वांत शेवटी लूर्दम्मा आली. ती काही मागायला आली नव्हती. केळीच्या पानात बांधलेल्या इडल्या तिने त्याच्या हातात दिल्या, प्रवासाला म्हणून. जाता जाता म्हणाली, "बोटीचं तुम्ही बघालच. कुडी मिळाली तर मला एकदा बघायची आहे. त्यांनी हाव केली नसती तर ती आपणहून आली असती."

त्या इडल्या संतियागूने कोंबड्यांना घातल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने लाकूड कापायचं मोठं यंत्र विकलं. म्हणजे धंद्याचा शेवटचा धागा तोडला. आलेले पैसे घेऊन रामनाथपुरमला सोनाराकडे गेला आणि सात पाकळ्यांची, लाल खड्याची कुडी घडवून घेतली. नमुना लागला नाही. पंधरा वर्षं रविवारी प्रार्थनेला तो लूर्दम्माच्या तिरक्या मागच्या बाकावर बसत आला होता, डोळे मिटून पाकळ्या काढू शकला असता. सोनाराने नवी झळाळी घालवायला ती चिंचेच्या पाण्यात आणि राखेत घोळून दिली. फिरकी तर लागणारच नव्हती. ती तिच्याकडे होती.

समुद्र ओलांडताना तो सगळा वेळ बादलीत तोंड घालून होता.

पलीकडच्या खाडीत बोटी एकीला एक खेटून पडल्या होत्या. पाच-सहा वर्षांत कुणी पाणी उपसलं नव्हतं, कुणी तेल पाजलं नव्हतं. इंजिनं गेलेली, जाळी गेलेली, तांब्याची तार तर आधीच गेलेली. संतियागूने हातोडीच्या दांड्याने एकेक फळी ठोकून बघितली. आपल्याच लेकरांच्या छातीवर ठोकत चालल्यासारखं त्याला होत होतं. आमच्या माणसांनी बघितलं, ठोकता ठोकता तो प्रत्येकीचं नाव घेत होता. नवांतल्या दोन ओढून नेता येतील, असं त्याने सांगितलं. त्या दोन्ही दुसऱ्या ओडाव्याच्या होत्या. त्याच्या पाचही गेल्या होत्या.

मग तो सांधे उकलायला बसला. त्या बंदराचा एक म्हातारा कोळी, कनगरत्तिनम नावाचा, चिखलात उभा राहून बघत होता. भाषा आमचीच, जरा गोड. तो म्हणाला की तुमच्या या बोटींनी आमची जाळी फाडली, आमचा तळ धुऊन नेला, आमचीही पोरं परदेशी गेली. रागाने नाही म्हणाला. संतियागूने मान खाली घालून ऐकलं. पटाशी मारली, सांधा उघडला, चिंधीचा काळा लगदा निघाला आणि त्यात कुडी, जशीच्या तशी. सोन्याला काय होतंय. दुसरीतूनही निघाली, तिसरीतूनही, चौथीतूनही. म्हातारा जवळ आला. आमच्याकडेही घालतात, म्हणाला. मग त्याने चारही कुड्या बघितल्या आणि विचारलं, "आणि तरी सगळ्या पकडल्याच गेल्या?"

 एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत संतियागूच्या डोक्यात आली नव्हती. चारांत सोनं होतं, चारही पकडल्या गेल्या. पाचवीत नव्हतं, तीही पकडली गेली. म्हणजे आपल्या खिळ्याने काही झालं नाही! त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला, बादलीशिवाय तो परतीचं अर्धं अंतर बसून आला. 'सहायमाता'चा सांधाही त्याने उकलला होता. एका कुशीवर चिखलात रुतली होती बिचारी, मागचा भाग गेलेला. आत हिरवा पडलेला पितळी खिळा होता. तो त्याने खिशात टाकला.

चौघींच्या कुड्या त्याने धक्क्यावरच देऊन टाकल्या. लूर्दम्माच्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. इडल्यांची गिऱ्हाईकं आटोपली होती. आधी त्याने बोटीचं सांगितलं. ती पदराने स्टूल पुसत ऐकत होती. मग त्याने पंचा नाकाला लावला आणि कुडी स्टुलावर ठेवली.

लूर्दम्माने पंच्याकडे बघितलं होतं की नाही, कोण जाणे. कुडी उचलली तेव्हा तिचे डोळे भरून आले. कानातली काढून शेजारी धरली, पाकळी न् पाकळी मोजली. सात आणि सात. "आई गं," एवढंच म्हणाली. मग उठली, फळीवरचा बिस्किटांचा जुना डबा काढला, त्यातून कागदाची पुडी, पुडीतून फिरकी. पंधरा वर्षं जपलेली. कुडी मोकळ्या कानात घातली, मागून फिरकी लावली आणि फिरवू लागली.

फिरकी बसेना.

तिने काढून पुन्हा लावली. पदराला पुसून लावली. मग कानातून काढलेल्या जुन्या कुडीला ती फिरकी लावून बघितली, तिथे लोण्यासारखी फिरली. नवी कुडी पुन्हा घेतली. आटे जुळत नव्हते. पाकळ्या पाठ होत्या त्याला, पण पाकळ्यांच्या मागचा दांडा त्याने त्या एका दिवशी बघितला होता, आणि त्या दिवशी त्याला बघायची लाज वाटली होती. जन्मभर लाकडाला लाकूड जुळवणारा माणूस, आणि विसरला कुठे, तर दोन आट्यांत.

लूर्दम्माने मान वर केली. म्हणाली, "अण्णा, आता नाक न पुसता सांगा."

त्याने सांगितलं. अंगठी, दोन ग्रॅम, चिंधी, नऊ बंद्या, सगळं. खिळा काढून स्टुलावर ठेवला. ती ओरडेल, शिव्या देईल, निदान रडेल, असं त्याला वाटत होतं. ती खिळ्याकडे बघत होती. तेव्हा त्याने घाईघाईने कनगरत्तिनमचं बोलणं सांगितलं. चारही बोटींत सोनं होतं, लूर्दम्मा. मी माझ्या हाताने काढलं. त्या पकडल्या गेल्याच ना? सोन्याने काही होत नाही. फादर म्हणतात तेच खरं.

"त्या चौघी आपल्या नवऱ्यांना काय बोलल्या, ते मला माहीत नाही," लूर्दम्मा म्हणाली. "मी काय बोलले, ते मला माहीत आहे."

तिने दोन्ही कुड्या आणि फिरकी खिळ्याशेजारी ठेवली.

"चार वर्षं रविवारी फोन यायचा. मला वाटायचं, सोनं होतं आत, म्हणजे चूक यांचीच." ती म्हणाली. "ते जिवंत असताना सांगितलं असतंत तर मी तुम्हाला झाडूने मारलं असतं आणि रात्रीच्या गाडीने मुनंबमला गेले असते."

मग ती उठली. चुलीवर भात होता, तो उतरवला, झाकला. पायात चप्पल घातली आणि संतियागूला म्हणाली, चला. कुठे, हे त्याने विचारलं नाही. कुड्या, फिरकी आणि खिळा तशीच स्टुलावर राहिली.

भर दुपार होती. चर्चमागच्या दफनभूमीत वाळू इतकी तापली होती की चपलेतून पाय भाजत होते. कुंपणापलीकडे नळावर बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. रायप्पनच्या क्रूसाला एका बाजूने भेग पडली होती, ती बघून संतियागूचा हात आपोआप तिकडे गेला. लूर्दम्माने तो हात बाजूला केला.

"मला सांगून काय उपयोग," ती म्हणाली. "त्यांना सांगा."

संतियागूने तोंड उघडलं.  खालच्या मानेने तो काहीबाही पुटपुटला.

"मोठ्याने सांगा, अण्णा. त्यांना कमी ऐकू यायचं."

तेव्हा तो मोठ्याने बोलला. म्हातारा माणूस, चाळीस वर्षांचा मान असलेला ओडावी, भर उन्हात वाळूला हात जोडून ओरडून सांगत होता की रायप्पा, कुडी मी घेतली, बोटीत पितळ घातलं, तुझी काही चूक नव्हती. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि पंचा खांद्यावर तसाच होता. नळावरच्या बायकांनी पाणी बंद केलं. आम्ही तिथे होतो, आम्ही ऐकलं.

त्याचं बोलून झाल्यावर लूर्दम्मा क्रूसापाशी खाली बसली. वाळूतल्या दोन काटक्या उचलून बाजूला टाकल्या, जागा हाताने सारखी केली.

"अहो," ती म्हणाली, "ऐकलंत ना? चला आता जेवायला."

हे मात्र ती अगदी हळू म्हणाली.